खंडेनवमीला चालू राहिलेलं मशीन

अंबरनाथच्या मोरिवलीतल्या आमच्या घरात आवाजांची ददात कधीच नव्हती. मागच्या भिंतीपलीकडे कंपन्यांची हद्द सुरू व्हायची, त्यामुळे पाळीचे भोंगे, वाफ सोडल्याची फुसफुस, पत्र्यावरचे हातोडे हे सगळं आमच्या जेवणाखाण्यात मिसळलेलंच असायचं. त्या वर्षी त्यात आणखी एक आवाज राहायला आला, माझ्या कॉम्प्युटरच्या पंख्याचा. पंख्याची एक पात जरा वाकडी होती, ती आत कुठेतरी घासायची आणि अखंड घर्र घर्र चालू. मैत्रिणी घरी आल्या की मला त्याची लाज वाटायची. आईला मात्र तो आवडला. पहिल्याच दिवशी पाटावर बसून तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, “बरा वाटतं गो. तुजा बापूस गेल्यापासून या घरात कोनी घोरलं नव्हतं.” मी आणि विलासदादा इतके हसलो, इतके हसलो की तिनं आमच्यावर सूपच उगारलं.

घरात आम्ही तिघंच. आई, माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा विलासदादा आणि मी, नंदा. आमची भातशेती कंपन्यांच्या वसाहतीत गेली ती माझ्या जन्माच्याही आधी. जमिनीच्या बदल्यात घरटी एक नोकरी मिळाली, ती आधी बाबांनी केली आणि त्यांच्या माघारी त्याच गेटातून दादा आत जाऊ लागला. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. आता तिथे कसलंसं गोदाम आहे आणि गेटवरचा वॉचमन बिचारा नवीनच आहे, त्याला काय माहीत! दादाच्या खाकी कपड्यांना असा उग्र दर्प यायचा की आई ते आमच्या कपड्यांत भिजवायची नाही. त्यांची बादली वेगळी, दोरी वेगळी. दादाचे डोळे कायम तांबारलेले, आणि सकाळी तोंड धुताना खोकला लागला की चहा निवेपर्यंत थांबायचा नाही. मी बारावीला होते तेव्हापासून त्याचं एकच पालुपद, “नंदे, तू एकदा खुर्चीत बसून पगार आणायला लाग. त्या दिवशी मी गेटवर हजेरीचं कार्ड टाकतो आणि मागं वळून पण बघत नाही. स्टेशनाला रिक्षा चालवीन, बिनधास्त.” हे तो हसत म्हणायचा, पण थट्टेवारी नेलेलं त्याला खपायचं नाही. मी कॉम्प्युटर शिकत होते ते नोकरीसाठी हे खरं, पण त्याहून खरं म्हणजे दादाला त्या गेटातून बाहेर काढण्यासाठी. घरात तिघांनाही ते माहीत होतं.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या गावाचा सगळा भरवसा नाकावर. संध्याकाळी आई ओटीवर येऊन हवा हुंगायची आणि सांगायची, “आज रंगवाल्यांनी सोडलाय,” किंवा “आज सडक्या अंड्यावाला हाय, खिडक्या लाव.” कोणत्या वासाला ओला फडका पुरतो आणि कोणत्या वासाला पोरांना घेऊन शिवमंदिराकडे पळायचं, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. वास आला की सावध व्हायचं आणि वास गेला की पुन्हा कामाला लागायचं. कोणी शिकवलं नव्हतं, तरी सगळे असेच वागायचे. दादा तर वासावरून पिंपातला माल ओळखायचा आणि त्याचा त्याला कोण अभिमान!

कॉम्प्युटर आला उल्हासनगरहून, कॅम्प तीनमधल्या नारी अंकलच्या दुकानातून. ते सिंधी, गोल चेहऱ्याचे, पांढरा लेंगा-सदरा घालणारे गृहस्थ. बायका ब्लाउजपीस निवडतात तसे ते ट्रेमधून सुटे भाग निवडून मशीन जोडायचे. दादानं विचारलं, “अंकल, चलेगा ना?” तर म्हणाले, “साईं, चलेगा नहीं, दौड़ेगा! बहन का काम है ना? मैंने अपनी बेटी समझके बनाया है.” मग त्यांनी आम्हाला दाल-पकवान खायला घातलं. ते गरमागरम पकवान मोडताना दादाच्या तोंडावर जो आनंद होता तो मला अजून दिसतो. रिक्षात मॉनिटर त्यानं अंबरनाथ येईपर्यंत मांडीवर धरला होता, आणि रिक्षावाल्याला दर खड्ड्याला शिव्या.

शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट करायचा होता. बाकीच्या मुली लायब्ररीचं सॉफ्टवेअर, दवाखान्याचं सॉफ्टवेअर असलं काहीतरी करत होत्या. मला कुठून अवदसा आठवली कोण जाणे, मी म्हटलं, मी भाषा बनवणार. छोटीशी प्रोग्रॅमिंगची भाषा, ‘जर’, ‘नाहीतर’, ‘पुन्हा’ असल्या आपल्या शब्दांची, आणि तिचा कंपायलर. सर म्हणाले, झेपेल का? मी म्हटलं, झेपेल. सर खूश झाले आणि म्हणाले, त्यांचा एक मित्र मुंबईत मोठ्या ठिकाणी आहे, तो दिवाळीच्या आधी प्रोजेक्ट बघायला येणार आहे आणि त्याला कामाला माणसं हवीच आहेत. झालं! घरी येऊन मी हे सांगितल्यावर दादानं त्या दिवाळीला आपल्या सुटकेचाच दिवस मानला.

एकदा जेवताना त्यानं विचारलं, “कंपायलर म्हणजे काय करतो गं तो?” आईनं तांदळाच्या भाकरीवर सुकटाची चटणी वाढली होती आणि तिचेही कान आमच्याकडेच. मी सांगितलं की आपण लिहितो ते मशीनला कळत नाही, मशीनला फक्त त्याचे आकडे कळतात, कंपायलर आपलं लिहिणं त्या आकड्यांत उतरवून देतो. ते बनवायला दोन हत्यारं लागतात. एक अक्षरं तोडून शब्द वेगळे करतं, दुसरं त्या शब्दांचं वाक्य धड जुळतंय का ते बघतं. आणि त्या दोन्ही हत्यारांना चालवायला सी भाषेचा कंपायलर लागतो.

“म्हणजे कंपायलर बनवायला कंपायलर पाहिजे?”

“हो.”

“मग तो सी-वाला कशानं बनवायचा?”

“सी-नंच. जुन्या कंपायलरनं नवा बांधायचा. मग नव्यानं स्वतःलाच पुन्हा बांधायचं, मग त्यानं पुन्हा एकदा. शेवटचे दोन अगदी सारखे निघाले की समजायचं, धड झालं.”

दादानं हातातला घास परत ताटात ठेवला. “आणि सगळ्यात पहिला कोणी बांधला मग?”

“कोणीतरी हातानं आकडे लिहून काढले असतील.”

“आयला,” तो म्हणाला, “त्या माणसाच्या हाताला काय फोड आले असतील!” आई म्हणाली, “आदी जेवा. भाकरी वाळत चालली.”

आता मुली येतात, बटण दाबतात, चहा होईपर्यंत सगळं उतरून तयार. मी शिकवते त्या मुलांना हे सांगायला जावं तर ती माझ्याकडे दया आल्यासारखी बघतात. असू दे. आमच्या वेळी मासिकाबरोबर लिनक्सची सीडी आली होती, ती अख्ख्या वर्गात फिरून माझ्याकडे आली तेव्हा तिच्यावर ओरखडेच ओरखडे. सिस्टीम कशीबशी चढली, पण कंपायलर आणि ती दोन हत्यारं जिथे होती नेमका तोच भाग वाचता येईना. मग कॉलेजच्या लॅबमधून जुना कंपायलर फ्लॉप्यांवर तुकडे करून आणला. तर हत्यारांना तो जुना चालेना! नवाच पाहिजे म्हणून अडून बसली. नव्याचा सोर्स, म्हणजे तो ज्यापासून बांधतात तो कच्चा माल, सरांनी मिळवून दिला आणि म्हणाले, घरी बांध. माझ्या मशीनला त्या कामाला अख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस लागणार होता. एकदा डिस्कच भरली आणि सगळं अर्ध्यात बसलं. नंतर गुरुवारी सुरू केलं, तर शुक्रवारनं दगा दिला.

शुक्रवार म्हणजे आमच्याकडे कंपन्यांची सुट्टी, आणि म्हणून लाइटवाल्यांचा दुरुस्तीचा दिवस. सकाळी नवाच्या सुमारास लाइट जायची ती दुपार कलेपर्यंत. मला वाटलं होतं त्याआधी होईल. नाही झालं. पडदा काळा झाला, पंखा घर्र करून थांबला, आणि मी तिथेच फतकल मारून रडले. दादा घरीच होता. म्हणाला, “मंगळवारी लाव. बुधवारी खंडेनवमी, गुरुवारी दसरा. शुक्रवारच्या आत तुझा कंपायलर बसलेला असेल बघ. टेन्शन नको घेऊ.”

मंगळवारी संध्याकाळी लावलं. बुधवारी सकाळी उठून बघते तर पडद्यावर ओळी सरसर वर चालल्या होत्या, एकही चूक नाही. आईनं घर सारवून घेतलं होतं. कोयता, विळी, कुदळ, बाबांचा जुना पाना, सगळं घासून पाटावर मांडलं, हळदकुंकू लावलं, झेंडू वाहिला. खंडेनवमीला हत्याराची पूजा, आणि त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, हा आमचा घरचा नेम. आई एवढी कडक की त्या दिवशी नारळसुद्धा आदल्या दिवशी सोलून ठेवलेला. ताट घेऊन ती माझ्या मशीनसमोर आली आणि म्हणाली, “आता ह्याला बंद कर.”

“आई, अगं अर्ध्यावर आलंय! बंद केलं तर सगळं पाण्यात.”

“तुजा हत्यार ना हा? मग आज त्याला इसावा नको? चालत्या हत्याराला कुंकू लावतात काय कदी?”

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, ह्या पूजेपायी माझी नोकरी घालवशील तू. आई म्हणाली, देवाला नोकरी शिकवू नको. आवाज चढले. दादा कंपनीत निघाला होता, त्यांच्याकडेही दुपारी पूजा होती आणि मुंबईहून मालक येणार म्हणून सगळं चकाचक करायला सकाळीच बोलावलं होतं. त्याच्या अंगावर धुतलेला शर्ट होता आणि आईनं हातात पिशवी दिली होती, तिच्यात नारळाच्या शेंड्या, घासायला. त्यानं चपला घालता घालता निवाडा केला. “आई, तुझं पण राहील आणि हिचं पण. मी पूजा करून दुपारी येतो, तोवर हिचं काम होईल, ह्याला चालू दे. मी आलो की आपण बंद करू आणि मग तू त्याला हार घाल, काय पाहिजे ते घाल. मी येईपर्यंत कोणी हात लावायचा नाही. ठरलं?” आईनं ताट मशीनशेजारी ठेवलं, त्यात झेंडूचा हार, आणि म्हणाली, “लवकर ये. घारगे करतंय.”

घारगे झाले. लाल भोपळ्याचे, गुळाचे, आई तळत होती आणि मी पाठ करून बसले होते, अजून रुसलेलीच. दुपार झाली. कंपनीतला एक माणूस स्कूटरवरून आला. गाडी बंदही न करता म्हणाला, “विलासची बहीण ना? जरा चला. त्याला बरं वाटत नाही.” बरं वाटत नाही! असं कोणाला सांगतात का हो? मी तशीच मागे बसले. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात बाळाराम भेटला, आमच्याच आळीतला, दादाबरोबर काम करणारा. तो भिंतीला टेकून बसला होता. माझ्याकडे बघून त्यानं तोंड ओंजळीत लपवलं, आणि मला समजलं.

बाळारामनं सांगितलं ते असं. त्यांच्याकडे माल शिजवायची मोठी लोखंडी टाकी होती, वरून माणूस शिरेल एवढं तोंड. पूजेला ती आतूनसुद्धा लखलखली पाहिजे, असा साहेबाचा हुकूम. रामसूरत नावाचा कंत्राटी कामगार बादली आणि त्या शेंड्या घेऊन शिडीनं आत उतरला, आणि तळाला जाऊन बसलाच. त्याचे नवरात्राचे उपास चालू होते. वरच्यांना वाटलं, उपाशीपोटी चक्कर आली. दादानं टाकीच्या तोंडाशी वाकून हवा हुंगली. “वास तर काय नाय,” तो म्हणाला, आणि साखरेच्या पाण्याची बाटली कमरेला खोचून उतरला. टाकी कोरडी करायला आदल्या दिवशी आत नायट्रोजन सोडून ठेवलेला होता. त्याला वास नसतो, पण तो भरला की आत श्वासाला हवाच उरत नाही. हवा मोजायचं यंत्र म्हणे ऑफिसच्या कपाटात होतं. ऑफिसातली पूजा सकाळीच उरकली होती, कपाटाच्या दाराला हार बांधलेला, म्हणून ते कोणी उघडलं नाही. दोघांना बाहेर काढायला पत्रा कापावा लागला.

ह्या गोष्टीचा मला आजही संताप येतो, वय झालं म्हणून तो निवला वगैरे काही नाही. चौकशी झाली, त्यात कामगारांनी काळजी घेतली नाही असं लिहिलं गेलं. काळजी! पिढ्यान् पिढ्या ज्यांना तुम्ही घाण वास हुंगायला लावलात त्यांना बिनवासाचाही मारणारा वारा असतो हे एकानंही सांगितलं नाही, आणि वर काळजी! रामसूरतचं गाव कुठलं, घरी कोण, हे तिथे कोणालाच सांगता येईना. त्याच्यासाठी बाळारामच दोन दिवस फोन करत फिरला.

संध्याकाळी मी घरी आले. ओटीवर आळीतल्या बायका, आत आई. तिला कळलेलं होतं, पण ती रडत नव्हती. घारग्यांच्या टोपलीवर फडकं घालून, गुडघे पोटाशी घेऊन मशीनकडे बघत होती. पंख्याची घरघर चालूच. पडद्यावरच्या ओळी थांबल्या होत्या. शेवटचे दोन्ही सारखे निघाले होते, कंपायलर बसला होता, कुठे म्हणून चूक नव्हती. खाली पांढरा ठिपका लुकलुकत होता, पुढचं काही सांगा म्हणून. मी बटणाकडे हात नेला तर आई बोलली, दुपारपासून पहिल्यांदाच. “हात नको लावू. तो येऊन बंद करनार हाय.”

दसऱ्याला दुपारी दादाला आणला आणि नेला. लोक सोनं लुटायला निघाले होते, आमच्या दारावरून जाताना खाली बघत होते. घरात माणसं मावत नव्हती, आणि ह्या सगळ्यात ते मशीन घरघरत होतं. मामा वैतागून म्हणाला, “अरे तो डबा तरी बंद करा कोणीतरी!” आणि प्लगकडे वाकला. आईनं त्याचं मनगट असं धरलं की त्याच्या हातावर वळ उठले. “विलास बोललाय,” एवढंच ती म्हणाली. मग कोणी त्या बाजूला गेलं नाही. ती जेवली नाही, रडली नाही. बायका माझ्या कानाशी लागल्या, तिला रडव गं, नाहीतर वेड लागेल. मला कुठे येत होतं कोणाला रडवायला! मी स्वतःच पदराखाली तोंड दाबून बसले होते.

पुढचं सगळं झालं. भाषा झाली, कंपायलर झाला, सरांचे मित्र आले, नोकरी लागली, खुर्चीतली. पहिल्या पगाराच्या दिवशी मी अंबरनाथला उतरले ती घरी जायच्या आधी कंपनीच्या गेटापर्यंत चालत गेले आणि तिथे कोणाचं कार्ड टाकायचं ते न कळून परत आले. पुढे मोरिवली सोडली, आईला घेऊन बदलापूरला आले. पन्नाशी उलटली, आता शिकवते. आई गेली तीही इथूनच. मुलं विचारतात, मॅडम, तुम्ही पहिला कंपायलर कुठे इन्स्टॉल केला? मी सांगते, घरी.

पण आई रडली ती शुक्रवारी. पाहुणे पांगले होते, बाळारामची बायको चुलीशी चहा टाकत होती, मी कोपऱ्यात. आई तशीच, मशीनकडे पाठ करून, भिंतीला डोकं लावून डोळे मिटलेली. ताटातला झेंडू काळपट पडला होता. नऊ वाजले असतील. नेहमीसारखी लाइट गेली. पडदा विझला, पंख्यानं एक-दोनदा घर्र केलं आणि थांबला. कंपन्याही बंद, भोंगा नाही, हातोडा नाही. त्या घरात एवढं शांत मी कधी ऐकलं नव्हतं.

आईनं डोळे उघडले. तोंडावर एकदम तरतरी आली, दोन दिवसांत पहिल्यांदाच. पदर सावरत ती अर्धी उठली आणि दाराकडे बघून म्हणाली, “आला काय गो? बंद केलंन ना त्यानं?”

मी तिचा हात धरला. म्हटलं, “नाही गं आई. शुक्रवार आहे.”